भिवाच्या शिक्षणासाठी झटलेला बाप : सुभेदार रामजी आंबेडकर

दरवर्षी १४ एप्रिल आला की आपल्या वस्त्यांमधून मिरवणूक निघते, विहारात वंदना होते, भाषणे होतात. परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्या एकामागून एक मोजल्या जातात. लहान लहान पोरंसुद्धा त्या पाठ म्हणून दाखवतात आणि आयाबायांच्या डोळ्यांत पाणी येते. माता रमाईची जयंती आता गावोगाव होते, भीमाईचेही नाव आदराने घेतले जाते. पण या सगळ्या पदव्यांच्या आधी जो माणूस उभा होता, त्याच्यावर मात्र आपण फारसे बोलत नाही. तो माणूस म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. विहाराच्या या स्मरणिकेत रामजीबाबांवर दोन शब्द लिहावेत असे वाटले, ते यासाठी की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रत्येक वस्तीत आज एखादा भिवा किंवा एखादी भीमी शाळेच्या मागच्या बाकावर बसलेली आहे, आणि तिच्यासाठी शाळेत जाऊन बोलणारा कोणी आहे की नाही हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडील मालोजी हे लष्करात होते. त्यांच्या पुष्कळ लेकरांपैकी रामजी आणि मीराबाई ही दोनच जगली. ही मीराआत्या पाठीने अधू होती. पुढे आईवेगळ्या भिवाला तिनेच मायेने सांभाळले, म्हणून तिचे नाव इथे आधीच घेतले पाहिजे.

रामजी लष्करात गेले. त्या काळी आपल्या माणसाला शाळेचे दार बंद होते, पण पलटणीत ते उघडे होते. कंपनी सरकारच्या काळापासून लष्करात देशी शिपायांच्या मुलामुलींना शिकवण्याची सोय होती आणि ती सक्तीची होती. त्यामुळेच रामजींच्या घरातल्या बायकांनाही अक्षरओळख होती. रामजी स्वतः पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून मास्तरकीचे शिक्षण घेऊन तयार झाले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे हेडमास्तर राहिले. सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. म्हणजे बाबासाहेबांचे वडील नुसते शिपाईगडी नव्हते, हाडाचे मास्तर होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पोर हुशार आहे हे ओळखायला डोळा लागतो, आणि तो डोळा त्यांना चौदा वर्षांच्या मास्तरकीने दिला होता.

त्यांचे लग्न भीमाबाईशी झाले. तिचे वडील मुरबाडकर हेही लष्करात सुभेदार-मेजर होते. या जोडप्याला चौदा अपत्ये झाली. त्यांतली बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा एवढीच पुढे हयात राहिली, असे चरित्रकार सांगतात. भीमराव हा चौदावा, सगळ्यात धाकटा. जन्म महू छावणीतला, १४ एप्रिल १८९१.

त्यानंतर थोड्याच काळात सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. आपल्याला आज वाटते की ही फक्त नोकरीची गोष्ट होती. पण नीट पाहा. नोकरी गेली तर पलटणीची शाळाही गेली. ज्या एका दारातून आपल्या लोकांत अक्षर येत होते तेच लागले. रामजी न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले आणि त्यांच्या मदतीने सरकारकडे अर्ज केला, असे चरित्रात नमूद आहे. त्या अर्जाचा उपयोग झाला नाही. पण दाद मागायची असेल तर कागदावर मागायची, आणि जाणत्या माणसाला सोबत घेऊन मागायची, ही रीत रामजींच्या अंगी होती. महात्मा फुल्यांविषयी त्यांना आदर होता. घर कबीरपंथी होते.

पेन्शन घेऊन रामजी कोकणात दापोलीला आले. पेन्शन महिना ५० रुपये. दापोली कँपात महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकरांचे काम इथलेच. १८९२ च्या सुमारास या पेन्शनर मंडळींनी, आमची मुले नगरपालिकेच्या शाळेत घ्या, असे अर्ज केले. शाळा सर्वांच्या पैशावर चालते, मग आमची मुले बाहेर का, असे त्यांचे म्हणणे. पुष्कळ झगडल्यावर मुलांना आत येऊ दिले, पण वर्गात घेतले नाही. त्यांना व्हरांड्यात बसवले. मास्तर आत शिकवणार आणि आपली पोरं बाहेरून ऐकणार. रामजी राहायला आले ते अशा गावात.

पुढे नोकरीसाठी कुटुंब साताऱ्याला गेले. तिथे १८९६ मध्ये भीमाई वारली. भिवा तेव्हा पाच वर्षांचा होता. रामजींची नोकरी फिरतीची झाली. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यातल्या गोरेगावला तलाव खोदायला काढला होता, तिथे ते खजिनदार म्हणून गेले. पोरं मागे साताऱ्यात राहिली. कारण उघड होते. गोरेगावला नोकरी होती, शाळा साताऱ्यात होती. म्हातारी आत्या आणि चार पोरं. अस्पृश्य म्हणून स्वयंपाकाला कोणी मिळेना. पोरांना भाकरी थापता येत नव्हती, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून ती पुलाव खायची, असे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. बापाला पोरं सोबत नेता आली असती. त्याने नेली नाहीत. शाळा तुटू दिली नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे आणि नंबर आहे १९१४. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. २०१७ पासून महाराष्ट्र शासन ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. आपल्या विहारात हा दिवस झाला पाहिजे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पण दाखल होणे वेगळे आणि शिकायला मिळणे वेगळे. त्या काळी वर्गात नंबराप्रमाणे बसायची पद्धत होती. जो हुशार तो वर. भिवाचा नंबर काहीही येवो, त्याची जागा कोपऱ्यात, वेगळी. बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे. तहान लागली तर शिपाई वरून पाणी ओतणार. शिपाई नसला तर पाणी नाही. एका हुशार मुलाला शाळा काय देऊ शकते? चांगली जागा, चांगली सोबत, मास्तरचे लक्ष. या तिन्ही गोष्टी त्याला नव्हत्या. सगळेच मास्तर वाईट होते असे नाही. एक आंबेडकर नावाचे मास्तर आपल्या डब्यातली भाजी-भाकर या पोराला द्यायचे. पेंडसे नावाच्या मास्तरांनी पावसात भिजून आलेल्या भिवाला घरी पाठवून कोरडे कपडे घालण्याची व्यवस्था केली. या लोकांची नावे बाबासाहेब विसरले नाहीत, आपणही विसरू नयेत.

आणि भिवा तेव्हा काही पुस्तकात डोके खुपसून बसणारा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. हूड होता. मुंबईला पळून जाऊन गिरणीत नोकरी धरायची असे त्याच्या मनात बसले होते. भाड्यासाठी आत्याच्या कमरेचा बटवा लांबवायचा बेत त्याने केला. तीन रात्री जमले नाही, चौथ्या रात्री बटवा हाती लागला, तर त्यात फक्त अर्धा आणा. मग मात्र त्याने ठरवले की अभ्यास करून लवकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे. आपल्या घरातले एखादे पोट्टे हूड आहे, खोड्या करते, म्हणून त्याला डोकं नाही असे समजणाऱ्या मायबापांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

घरचा मास्तर मात्र रामजीच होते. इंग्रजीसाठी हॉवर्डची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून पक्की करून घेतली. योग्य शब्द कसा शोधायचा, वाक्य एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कसे न्यायचे, हे त्या पोराने बापाच्या हाताखाली शिकले. जगाने पुढे ज्या इंग्रजीची वाहवा केली तिचा पाया घरात घातला गेला. संध्याकाळी कबीराचे दोहे, भजने आणि रामायण-महाभारताचे वाचन असे. मोठा झाल्यावर भीमरावाने बापाला विचारले की हे ग्रंथ आम्हाला कशाला वाचायला लावता, यात तर ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हेटाळणी आहे. रामजींचे उत्तर असे होते की आपण अस्पृश्य म्हणून तुझ्या मनात न्यूनगंड यायचा संभव आहे, तो जावा म्हणून हे वाचायचे. द्रोण आणि कर्ण किती खालून किती वर चढले ते पाहा. मुलाला हे उत्तर पटले नाही. बाबासाहेबांनी नंतर ते सगळे सोडून दिले आणि आपल्यालाही त्यातून बाहेर काढले. पण बापाच्या बोलण्यातले एक खरे होते. पोराच्या मनात आपण कमी आहोत हे शिरले की हुशारी असूनही ते मागे राहते, हे त्या जुन्या मास्तरने नेमके ओळखले होते.

१९०४ च्या सुमारास बिऱ्हाड मुंबईला आले. परळची डबक चाळ. एकच खोली, त्यात चूल, सरपण, भांडी, माणसे. आधी मराठा हायस्कूल, मग एल्फिन्स्टन हायस्कूल. हे सरकारी हायस्कूल त्या काळी नावाजलेले. पेन्शनर माणसाने मुलाला तिथे घालणे म्हणजे खर्चाला आमंत्रण. पण रामजींनी घातले.

खोली एक, मग अभ्यासाला जागा कुठून आणायची? रामजींनी त्यावर उपाय काढला. भिवाला संध्याकाळी लवकर निजवायचे. स्वतः जागत बसायचे. रात्री दोनला त्याला उठवायचे आणि त्याच्या जागी आपण आडवे व्हायचे. उशाला जाते, पायाशी बकरी, आणि काच नसलेल्या चिमणीचा उजेड. रोज रात्री दोनपर्यंत जागणारा म्हातारा डोळ्यांपुढे आणा. अलीकडे मोठ्या शहरांत मुलांसाठी अभ्यासिका निघाल्या आहेत, आपल्या विहारातही एक आहे. रामजींनी ती आपल्या झोपेतून काढली होती.

पुस्तकांचेही तसेच. भिवाला अभ्यासाबाहेरची पुस्तके वाचायचा नाद लागला. शाळेचे सोडून हे काय, म्हणून रामजी कुरकुरायचे, पण आणून द्यायचे. पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. तिच्याकडे पैसे असले तर पैसे, नाही तर अंगावरचा एखादा दागिना मागायचा. तो मारवाड्याकडे गहाण ठेवायचा, पुस्तक आणायचे, आणि पेन्शन हाती आली की सोडवून लेकीला परत द्यायचा. लेकीही देत. मंजुळा आणि तुळसा यांचा हा वाटा बाबासाहेबांच्या पदव्यांमध्ये धरला पाहिजे.

या कथेत एक दुखरी जागा आहे. दोन्ही मुलांना शिकवणे रामजींना झेपेना. मग आनंदरावाचे शिक्षण थांबले आणि तो कामाला लागला. भिवाचे चालू राहिले. घरात दोन पोरं शिकणारी, आणि बापाने त्यांतल्या एकाला निवडले. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेतून कोणाला थांबवायचे हे ज्या घरात ठरवावे लागते, त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. बहुतेक घरांत पोरगी थांबते. रामजींनी केले ते बरोबर की चूक, हे मी ठरवू शकत नाही. आनंदरावाने मात्र धाकट्या भावाला अंतर दिले नाही. तो १९२७ मध्ये वारला. त्याची बायको लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद हे बाबासाहेबांच्याच कुटुंबात राहिले.

एल्फिन्स्टनमध्ये मुंबईची हवा होती, पण जात तिथेही होती. मास्तरांनी भिवाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तर वर्गातली मुले ओरडत फळ्याकडे धावली, कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते. ते हलवल्यावरच याला पुढे येता आले. संस्कृत शिकायची त्याला फार इच्छा होती. अस्पृश्याला संस्कृत मिळाले नाही. फारसी घ्यावी लागली. इथे बापाचा काही इलाज चालला नाही. घरात रात्र उलटी करता येते, दागिना गहाण टाकता येतो, पण शाळेने एखादा विषयच नाकारला तर एकट्या बापाचे हात पोचत नाहीत. संस्कृत बाबासाहेब पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाला. मार्क किती? ७५० पैकी २८२. आज नव्वद टक्के पडले तरी तोंड पाडणाऱ्या पालकांनी हा आकडा दोनदा वाचावा. त्या मुलाच्या बुद्धीची खरी मोजणी त्या परीक्षेत झालीच नव्हती. पण अस्पृश्य मुलगा मॅट्रिक होणे हीच केवढी गोष्ट! वस्तीतल्या लोकांनी सत्काराची सभा ठरवली. बाबासाहेबांनी स्वतः लिहिताना ही सभा इंग्रजी चौथी पास झाल्यावरची सांगितली आहे, चरित्रकार मॅट्रिकनंतरची सांगतात. ते काही असो, पुढारी परवानगीसाठी रामजींकडे गेले आणि रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, एक परीक्षा तर पास झाला आहे, असे त्यांचे म्हणणे. मग लोकांनी दादा केळुसकरांना मध्ये घातले.

कृष्णराव अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कूलमधले मास्तर आणि नावाजलेले लेखक. चर्नी रोडच्या बागेत रोज एक मुलगा एकटाच वाचत बसलेला त्यांना दिसायचा. त्यांनी विचारपूस केली, पुस्तके दिली, रामजींशी स्नेह जडला. दादांनी समजूत घातल्यावर रामजी राजी झाले. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हातात ठेवले. ते पुस्तक पुढे कुठे पोचले हे आपल्या समाजाला सांगायला नको. १९५६ च्या दीक्षाभूमीची एक वाट त्या सभेतून जाते.

रामजींच्या हट्टी स्वभावात एक मोठा गुण होता. जिथे आपला हात पुरत नाही तिथे दुसऱ्याचा धरायला त्यांना कमीपणा वाटला नाही. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेला, आजारपणात एक वर्ष वाया गेले, आणि पुढचा खर्च पेन्शनीला पेलेना. तेव्हा केळुसकरांनी त्याला महाराजा सयाजीराव गायकवाडांपुढे उभे केले. महाराजांनी चार प्रश्न विचारले, उत्तरे पसंत पडली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. कॉलेजात मुल्लर नावाचे प्राध्यापक पुस्तके आणि कपडे देत. अशा रीतीने १९१२ साली भीमराव बी.ए. झाला.

आपण आज शाळेत कधी जातो? टी.सी. काढायला, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सही करायला, नाही तर गुरुजींनी तक्रार करून बोलावले म्हणून. पोरगी वर्गाच्या पुढे चालली आहे, तिला आणखी पुस्तके द्या, अमुक परीक्षेला बसवा, तिला मागे का बसवले, असे विचारायला आपल्यापैकी किती जण जातात? रामजींच्या वेळी दाद मागायला कायदा नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्याच कायद्याने जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती बसवली, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या बाया असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांनाही जागा ठेवावी लागते. त्या खुर्चीत बसून नुसता चहा पिऊन येणारे सभासद माझ्या पाहण्यात आहेत. उपासिका मंडळाच्या बायांनी हे मनावर घ्यावे.

बी.ए. नंतर भीमराव बडोद्याच्या नोकरीवर निघाला तेव्हा रामजी राजी नव्हते. तरी मुलगा जानेवारी १९१३ मध्ये गेला. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना बापासाठी मिठाई घ्यावी म्हणून तो सुरतेला गाडीतून उतरला आणि तेवढ्यात गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी मुंबईला पोचला. म्हाताऱ्याचा जीव त्याच्यासाठीच अडला होता. रामजींनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी जुलैत त्यांचा मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचला. ते पाहायला रामजी नव्हते.

पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा मोठा इंग्रजी ग्रंथ लंडनला छापून निघाला. तो त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला, आणि अर्पणपत्रिकेत माझ्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल व दाखवलेल्या जाणतेपणाबद्दल कृतज्ञता, अशा अर्थाचे लिहिले. रामजींना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती, भीमाईला सत्तावीस.